धुरातली शिल्लक

एक लिटर पेट्रोल नीट जाळायचं तर सुमारे नऊ हजार लिटर हवा लागते. वजनात मांडलं तर हिशेब सोपा आहे, एक किलो पेट्रोलला १४.७ किलो हवा. पण किलोंमध्ये तो मनाला भिडत नाही. लिटरमध्ये मांडला की माणूस थबकतो. पंपावर आपण भांडतो ते त्या एका लिटरच्या भावावरून. हवा फुकट, म्हणून तिचं नावही कुणी काढत नाही. इंजिनाचा निम्म्याहून अधिक व्याप मात्र तिच्यासाठीच असतो. तिला गाळून आत घ्यायचं, मोजायचं, टर्बो असेल तर दाबून भरायचं, आणि सगळं जळून झाल्यावर बाहेर निघालेल्या धुरात तिच्यातला प्राणवायू किती शिल्लक राहिला ते पाहायचं. हे शेवटचं काम ऑक्सिजन सेन्सरचं. सायलेन्सरच्या पाइपात स्पार्क प्लगसारखा आटे पाडून बसवलेला, अंगठ्याएवढा.

त्याच्या टोकाला झिर्कोनिया नावाच्या सिरॅमिकचा तुकडा असतो. तापमान तीनशे अंशांच्या वर गेलं की या सिरॅमिकमधून प्राणवायूचे आयन सरकू लागतात. एका अंगाला धूर, दुसऱ्या अंगाला बाहेरची ताजी हवा. दोन्हीकडच्या प्राणवायूत तफावत जितकी जास्त, तितकं व्होल्टेज जास्त. जुन्या धाटणीच्या सेन्सरमध्ये धुरातला प्राणवायू संपलेला असेल तर ०.९ व्होल्टच्या आसपास, उरलेला असेल तर ०.१ च्या आसपास, आणि ०.४५ हा मधला उंबरठा. ती ताजी हवा कुठून येते हे कळलं तेव्हा मला फार मौज वाटली होती. अनेक सेन्सरांत ती वायरीच्या आतून, तांब्याच्या तारांमधल्या फटींतून येते. म्हणजे सेन्सर आपल्या वायरीतून श्वास घेतो. कुणी कनेक्टरमध्ये ग्रीस भरलं, तर दोष इंजिनात नसतानाही आकडा बिघडतो.

यामागचं सूत्र वॉल्टर नेर्न्स्टचं, १८८९ सालचं. त्यानेच पुढे याच जातीचं सिरॅमिक तापवून दिवा बनवला. त्याला मोटारींचं वेड होतं, नोबेलही मिळालं, पण स्वतःचं सूत्र आणि स्वतःचं सिरॅमिक मोटारीच्या धुरात जाऊन बसलेलं पाहायला तो नव्हता. ते घडलं १९७६ साली. बॉश कंपनीचा सेन्सर व्होल्व्होच्या गाड्यांत बसून कॅलिफोर्नियाला गेला, कारण तिथले धुराचे नियम सगळ्यांत कडक होते. पुढच्याच वर्षी स्वीडनच्याच साबने आपली टर्बो मोटार दाखवली. आज आपल्याकडच्या एक लिटरच्या गाडीत या दोन्ही गोष्टी हातभर अंतरावर नांदतात. आपल्याकडे यायला त्यांना वेळ लागला, कारण शिसं असलेलं पेट्रोल या सेन्सरला आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला दोघांनाही मारून टाकतं. बिनशिशाचं पेट्रोल १९९५ साली चार महानगरांत आलं, आणि देशभरात शिसं बंद व्हायला २००० साल उजाडलं.

आता मुद्द्याचं. हा सेन्सर पेट्रोल ओळखत नाही. त्याला कळतो फक्त उरलेला प्राणवायू. तरीही त्याच्या शब्दावर पेट्रोल कमी-जास्त केलं जातं, आणि सगळे घोटाळे या ‘तरीही’मध्ये आहेत. प्राणवायू उरलाय, म्हणजे हवा जास्त झाली किंवा पेट्रोल कमी पडलं, असा अर्थ कॉम्प्युटर लावतो. बहुतेक वेळा तो बरोबरही असतो. पण एका सिलिंडरची कॉइल मेली आणि गाडी मिसिंग मारू लागली, तर त्या सिलिंडरमधलं पेट्रोल न जळता तसंच बाहेर पडतं, आणि त्याच्या वाटणीची हवाही. धूर पेट्रोलने ओला, आणि सेन्सर सांगतो, प्राणवायू भरपूर आहे. कॉम्प्युटर आणखी पेट्रोल सोडतो. ते कच्चं पेट्रोल कॅटमध्ये जाऊन पेटतं आणि कॅट लालबुंद होतं. सेन्सर यात एक शब्दही खोटं बोललेला नसतो.

आमची गाडी तीन सिलिंडरची, लिटरभराची टर्बो पेट्रोल. खंबाटकीच्या घाटात तिचा पिकअप पाहून मोठ्या गाडीतली माणसं वळून बघतात, असं आमच्या घरात मानलं जातं. चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला तो मात्र घाटात नाही, सिंहगड रस्त्यावरच्या सिग्नलला, गाडी निवांत उभी असताना. कोड आला पी ०१७१, म्हणजे मिश्रण लीन, पेट्रोलच्या मानाने हवा जास्त. सर्व्हिस सेंटरने ऑक्सिजन सेन्सर बदलला, काही हजारांचं बिल दिलं, दिवा गेला. थोड्याच दिवसांत परत आला.

मला त्या बिलापेक्षा त्यामागच्या विचाराचं वाईट वाटतं. पी ०१७१ हा कोड सेन्सर बिघडला असं म्हणतच नाही. सेन्सरच्या स्वतःच्या दुखण्यांना, त्याच्या सर्किटला, त्याच्या हीटरला वेगळे कोड आहेत, पी ०१३० पासून पुढचे. हा कोड एवढंच म्हणतो की मी पेट्रोल वाढवत वाढवत थकलो, तरी प्राणवायू उरतोच आहे. हे सांगणाऱ्यालाच काढून टाकलं.

नऱ्ह्याच्या बाजूला एक मिस्त्री आहेत, त्यांच्याकडे गाडी नेली. स्कॅनर लावून त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे फिरवला आणि म्हणाले, “काका, लॅम्डा बघा.” लॅम्डा म्हणजे लागणाऱ्या हवेच्या तुलनेत प्रत्यक्ष असलेली हवा, बरोबर असेल तर एक. स्क्रीनवर १.०० होतं, फार तर ०.९९, पुन्हा १.००. सगळं ठीक दिसत होतं.

“ठीक दिसणारच,” ते म्हणाले. “त्यालाच तर एकवर आणून ठेवायचा पगार आहे कॉम्प्युटरला. आता हे बघा.” आणि त्यांनी लाँग टर्म फ्युएल ट्रिमवर बोट ठेवलं. अधिक अठरा टक्के, म्हणजे कॉम्प्युटर ठरल्यापेक्षा तेवढं पेट्रोल जास्त सोडत होता.

घरात पाहुणे येतच राहावेत आणि ताटातली भाकरी कधी कमी पडू नये, तसं हे आहे. ताटाकडे पाहून घरातली ओढाताण कळत नाही, पिठाच्या डब्यात डोकवावं लागतं. ट्रिम हा तो डबा. सेन्सरचा आकडा सांभाळून ठेवलेला असतो, म्हणून बिघाड शोधताना त्याचा उपयोग कमी. सांभाळणाऱ्याला किती ओढाताण करावी लागतेय, ते ट्रिम सांगतं. दहा टक्क्यांपर्यंत कुणी फारसं मनावर घेत नाही. पंचवीसच्या आसपास कॉम्प्युटर हात टेकतो आणि दिवा लावतो. म्हणजे दिवा लागतो त्या दिवशी दुखणं नवीन नसतंच. गाडी महिनोन् महिने झाकून नेत असते, आणि आपण म्हणतो, काल संध्याकाळपर्यंत तर मस्त चालत होती.

मग आम्ही कात्रजच्या नव्या बोगद्यापर्यंत चक्कर मारली. मी चालवत होतो, मिस्त्री शेजारी मोबाइलवर आकडे बघत. मोकळ्या रस्त्यावर ट्रिम उतरत उतरत चारवर आलं. सिग्नलला थांबलो की पुन्हा चढायला लागायचं.

साध्या इंजिनात इथेच निकाल लागला असता. निवांत उभ्या गाडीत थ्रॉटल जवळजवळ बंद, त्यामुळे इनटेक मॅनिफोल्डमध्ये निर्वात, आणि एखाद्या फाटक्या पाइपातून न मोजलेली हवा आत खेचली जाते. रेस वाढली की तेवढ्या हवेला किंमत राहत नाही. टर्बोमध्ये मात्र ही गोष्ट अर्ध्यातच उलटते. टर्बो फिरू लागला की त्याच मॅनिफोल्डमध्ये बाहेरपेक्षा जास्त दाब होतो, आणि ज्या भोकातून हवा आत येत होती त्यातूनच बाहेर जाऊ लागते. ज्या गाड्यांत हवा आधीच, फिल्टरपाशी मोजली जाते, त्यांत कॉम्प्युटर मोजलेल्या हवेचं पेट्रोल देऊन बसतो आणि हवा वाटेतच सांडलेली असते. मग तीच गाडी सिग्नलला लीन आणि घाटात रिच, म्हणजे पेट्रोल जास्त. मागून काळा धूर, पिकअप नाही, आणि मालक म्हणतो, दोन बिघाड आहेत. भोक एकच असतं. म्हणून टर्बो गाडीत आकडा एकट्याने वाचायचा नाही. तो कुठल्या क्षणाचा आहे, पायाखाली पेडल किती होतं, मॅनिफोल्डमध्ये दाब किती होता, हे शेजारी लिहून वाचायचा.

याच्या उलटही भीती असते. घाटात पूर्ण पेडल दाबल्यावर लॅम्डा ०.८५ वगैरे दिसला की नव्याने स्कॅनर घेतलेली मुलं घाबरतात. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. टर्बाइनच्या तोंडाशी धूर नऊशे अंशांच्या पुढे जातो. पाती वितळू नयेत म्हणून त्या वेळी मुद्दाम जास्त पेट्रोल सोडलं जातं, आणि त्या जास्तीच्या पेट्रोलाने धूर थंड ठेवला जातो. चक्क पेट्रोल ओतून गारवा. मला हे नेहमीच उधळपट्टीचं वाटत आलंय, पण टर्बाइनचा भाव पाहिला की गप्प बसावं लागतं.

आमच्या गाडीत असं भोक आहे का ते बघायला मिस्त्रींनी इनटेकमध्ये धूर सोडून पाहिला. पांढऱ्या धुराची एक रेघही कुठून बाहेर आली नाही. हवा खेचणारं भोक नाही, पेट्रोलचा दाब बरोबर, इंजेक्टर बरोबर. मग त्यांनी प्लग काढले, आणि तिन्ही काळे. काजळीने माखलेले.

हे जुळत नव्हतं. लीन गाडीचे प्लग पांढुरके हवेत. काळे प्लग म्हणजे पेट्रोल जास्त. गेले काही आठवडे अ‍ॅव्हरेजही पडलेलं होतं, आणि गाडी सुरू करताना मागे पेट्रोलचा वास यायचा. सेन्सर सांगतोय प्राणवायू उरलाय, प्लग सांगतात इथे तर पेट्रोलच पेट्रोल. आणि दोघंही खरे असणार होते, कारण सेन्सर नवा होता आणि काजळी कुणी रंगवून ठेवत नाही.

माझी नोकरी साखर कारखान्याच्या इन्स्ट्रुमेंट विभागात गेली, त्यामुळे ही जोडी मी ओळखत होतो. बॉयलरच्या चिमणीकडे जाणाऱ्या डक्टमध्येही असाच झिर्कोनियाचा प्रोब असतो, फक्त हातभर लांब. धुरात प्राणवायू किती उरला ते बघून बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, जाळायला हवा किती द्यायची ते ठरतं. आता बॉयलरची भट्टी मुद्दाम बाहेरच्या हवेपेक्षा किंचित कमी दाबावर चालवतात, म्हणजे दार उघडलं तरी ज्वाळा माणसाच्या अंगावर येत नाही. पण त्यामुळेच डक्टचा एखादा जोड फाटला की धूर बाहेर येत नाही, बाहेरची हवा आत जाते. कुणाला काही दिसत नाही. हंगाम ऐन भरात, पॅनलवर प्राणवायू आठ टक्के, म्हणून ऑपरेटर हवा कमी करतो, आणि चिमणी काळा धूर ओकू लागते. पॅनल म्हणतं हवा जास्त, चिमणी म्हणते हवा कमी. तरुण इंजिनिअर प्रोब बदला म्हणतो. जुना फायरमन काही न बोलता मागे जातो आणि डक्टच्या जोडांवरून पेटता चिंध्यांचा बोळा फिरवतो. जिथे ज्योत आत ओढली जाते, तिथे फाटलेलं असतं. धुरात वाटेत शिरलेली हवा ही जाळायच्या कामी आलेली हवा नव्हे. प्रोबला हा भेद कळत नाही, कळण्याचं कारणही नाही.

“मिस्त्री, सेन्सरच्या अलीकडे कुठे सायलेन्सर हवा घेतोय का?” मी विचारलं.

ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. “सायलेन्सर हवा सोडतो काका, घेतो कुठे?” मग स्वतःच म्हणाले, “थांबा थांबा. आयडलिंगला घेईल.”

घेतोच. सायलेन्सरच्या पाइपात धूर नळाच्या पाण्यासारखा सलग वाहत नाही, धक्क्यांनी येतो. तीन सिलिंडरचं इंजिन आठशे फेऱ्यांवर चाललं की सेकंदाला वीस धक्के. प्रत्येक धक्क्याच्या मागे पाइपातला दाब क्षणभर बाहेरच्यापेक्षा खाली जातो. जोडाची फट असेल तर त्या क्षणी ती घोटभर हवा आत ओढते, आणि ती हवा पुढच्याच वितीवर बसलेल्या सेन्सरवरून जाते. सेन्सर ती मोजतो. कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो, प्लग काळे होतात. मोकळ्या रस्त्यावर धूर इतका जोरात आणि इतका भरून वाहतो की दाब खाली जायला उसंत मिळत नाही, फट फक्त धूर बाहेर टाकते, आणि ट्रिम उतरतं. सिग्नलचे अठरा आणि रस्त्यावरचे चार, दोन्हींचा उलगडा यात होतो. इनटेकच्या भोकाचंही चित्र हुबेहूब असंच दिसतं, फक्त प्लग वेगळे निघतात.

सेन्सर टर्बोच्या पुढे बसवतात, मागे नाही, यालाही कारण आहे. टर्बाइनच्या आधी धुराचा दाब फार वर-खाली होतो, आणि दाब बदलला की आत्ताच्या वाइडबँड सेन्सरचे आकडेही फुगतात. म्हणून टर्बो, मग एक जोड, मग सेन्सर, मग कॅट, अशी रचना. मधला तो जोड घाटात लाल होतो आणि घरी आल्यावर गार पडतो. त्याच्या पॅकिंगने किती सोसायचं?

गार इंजिनावर त्यांनी सायलेन्सरच्या शेपटीला फडकं गुंडाळून ब्लोअर लावला, टर्बोवरची पत्र्याची ढाल काढली, आणि पंक्चरवाल्याकडून आणलेलं साबणाचं पाणी जोडावर शिंपडलं. खालच्या बाजूला, स्टडच्या मागे, बारीक बुडबुडे यायला लागले. आरसा धरून पाहिलं तर तिथे काजळीची नखाएवढी रेघ होती. धूर तिथून बाहेरही येत होता, इतकी साधी खूण. पण ढालीखाली कोण बघतं?

पॅकिंग धातूचं, दोन-तीनशे रुपयांचं. मजुरी त्याच्या कितीतरी पट, कारण जळलेले स्टड सहज निघत नाहीत. एक तर डिझेल-तेल, उष्णता आणि शिव्या यांच्या मिश्रणानंतरच हलला. हाताखालच्या पोराने जोडाला लावायला सिलिकॉनची ट्यूब आणली, ती मिस्त्रींनी त्याच्या हातातून काढून घेतली. सिलिकॉनची वाफ धुरात मिसळली की सेन्सरच्या टोकावर पांढरा थर धरते आणि सेन्सर कायमचा मंद होतो. एक गळती बुजवताना खरोखरच सेन्सर मारायचा, हा प्रकार गॅरेजांत रोज घडतो. मग त्यांनी माझ्या डिकीत पडून असलेला जुना सेन्सर मागून घेतला, मीटर लावून हीटर तपासला, म्हणाले, “याला काहीच झालेलं नाही,” आणि कागदात गुंडाळून खणात ठेवला.

ट्रिम लगेच उतरत नाही. कॉम्प्युटरची सवय सुटायला थोडं फिरावं लागतं. साताऱ्याला जाऊन आल्यावर पुन्हा त्यांच्याकडे गेलो. सिग्नलला पाच, रस्त्यावरही पाच.

“शून्य का नाही?” मी विचारलं.

“ते तुमच्याकडचं आहे काका. कारखान्याचं.”

आधी मला वाटलं थट्टा चाललीय. मग लक्षात आलं. आता पंपावर मिळतं त्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, आणि त्यातलं काही उसाचं. इथेनॉल आपला प्राणवायू सोबत घेऊनच येतं, वजनाच्या पस्तीस टक्के. त्याला जळायला बाहेरची हवा कमी लागते. एका किलोला नऊ किलो पुरते. म्हणून १४.७ हा आकडा शुद्ध पेट्रोलचा. दहा टक्के मिसळलं की तो १४.१ होतो, वीस टक्क्यांना १३.५. आमच्या गाडीचं इंजिन दहा टक्के धरून बसवलेलं. टाकीत वीस टक्क्यांचं पडलं की तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त द्यावं लागतं, आणि ते कॉम्प्युटर सेन्सरला विचारून गुपचूप देतो. डिस्टिलरीचे टँकर काट्यावरून जाताना मी किती वर्षं पाहिले, त्यांची नोंद अशी माझ्याच गाडीच्या ट्रिममध्ये होईल, हे तेव्हा डोक्यात येण्यासारखं नव्हतं. अ‍ॅव्हरेज पडलं म्हणून सोसायटीच्या पार्किंगमध्ये जी भांडणं चालतात, त्यांतला काही भाग इथेच मिटवता येईल. बाकीचा टायरच्या हवेवर आणि चालवणाऱ्याच्या पायावर आहे.

मी तिथेच खिशातल्या कागदावर १४.१ ला १३.५ ने भागलं. साडेचार टक्क्यांच्या जवळपास आलं. स्क्रीनवर पाच होते. उरलेल्या अर्ध्या टक्क्याचं काय, असं विचारल्यावर मिस्त्री म्हणाले की त्याच्या मागे लागलात तर गाडी वापरायची राहील, आणि स्कॅनरची पिन काढून पुढच्या गाडीकडे गेले.